आईच्या दारावरचा पहारेकरी

गेल्या उन्हाळ्यात अकोल्यात एका धडधाकट बाईच्या स्वयंपाकघराचं दार सब्बलीने उचकटण्यात आलं. बाई माझी आई, आणि हुकूम माझा.

मी मुळात व्यवस्थित बाई आहे. अमरावतीत बियाण्यांचं एक गोदाम सांभाळते. आवक, जावक, साठा, सगळ्याच्या याद्या माझ्याकडे असतात. लग्नकार्यात नातेवाईक आचाऱ्याच्या आधी मला विचारतात. (भाजीत मीठ कमी पडलं तरी मलाच विचारतात, तो भाग वेगळा.) त्यामुळे हिवाळ्यात आई न्हाणीघरात घसरली, तेव्हा पुढे काय करायचं तेही मीच ठरवलं. आई अकोल्याचं घर बंद करून माझ्याकडे येणार! अमेरिकेतून दादाने फोनवर लगेच अनुमोदन दिलं. फक्त आईला विचारायचं राहिलं होतं.

"मी नाही येत," आई म्हणाली. "हाड मोडलं का माह्यं? नाही मोडलं. मंग घर कायले मोडता?"

"अवं आई, पण तू एकटी असतं इथं."

"एकटी? सकाळपासून कोणी ना कोणी येऊनच राह्यते. दुपारी झोपू देत नाहीत मले!"

भांडण हातघाईवर आल्यावर तह झाला. आईच्या पुढच्या दाराला एक छोटा स्विच बसवायचा. त्याला जोडून, पत्त्यांच्या जोडाएवढा एक कॉम्प्युटर फ्रिजवर ठेवायचा. आईने सकाळी दार उघडलं की हा पहारेकरी घरच्या वाय-फायवरून अमरावतीच्या माझ्या कॉम्प्युटरला निरोप देणार. ठरल्या वेळेपर्यंत निरोप आला नाही, तर माझा कॉम्प्युटर घरच्या ग्रुपवर बोंब ठोकणार. यंत्र उन्हाळाभर नीट चाललं तर आई अकोल्यातच राहणार, दगा दिला तर अमरावती.

"आन चाललं तं पुन्हा अमरावतीचं नाव काढायचं नाही," आईने कलम वाढवलं. मी खुशाल कबूल केलं.

बोर्ड, म्हणजे तो छोटा कॉम्प्युटर, आला आणि पहिला घोटाळा दिसला. दादाने तिकडे वापरलेला तोच बोर्ड मी मागवला होता. खोकं तेच, चित्र तेच. पण आतली वाय-फायची चिप निराळी! आणि चिप बनवणाऱ्याने तिचा ड्रायव्हर दिलाच नव्हता. (ड्रायव्हर म्हणजे चिप आणि कॉम्प्युटर यांच्यात बोलणी घडवून आणणारा प्रोग्राम. सोयरीक जुळवताना जो मामा लागतो ना, तोच.) सुदैवाने जगात अशीही माणसं आहेत, जी परक्याच्या चिपचा ड्रायव्हर स्वतः लिहितात आणि कोडासकट सगळ्यांसाठी खुला ठेवतात.

"फुकट?" आईने विचारलं. मी तिच्या जेवणाच्या टेबलावर तारांचा पसारा मांडून बसले होते.

"फुकट."

"त्यांच्या बायका काही म्हणत नाहीत?"

पुढची अडचण अशी, की ड्रायव्हर इंटरनेटवरून घ्यायचा आणि ड्रायव्हरशिवाय बोर्डाला इंटरनेट मिळत नव्हतं. मी घाबरले नाही. मोबाइल केबलने जोडला आणि त्याचं इंटरनेट बोर्डाला पाजलं. कोड उतरला. कंपाइल करायला, म्हणजे यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवायला लावला, तर पडदाभर चुका! ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची ऑपरेटिंग सिस्टीम नवी, माझ्या बोर्डावरची जुनी. बोर्डावरची सिस्टीम नवी केली, पुन्हा कंपाइल सुरू केलं. दुपार कलली, कूलरमधलं पाणी संपलं, तरी पडद्यावर ओळी सरकतच होत्या.

"अजून नाही झालं?" आईने डोकावून विचारलं.

"होऊन राह्यलं, आई."

"झाकण ठेव मंग. लवकर होते."

संध्याकाळी चिप जागी झाली! मी टेबलावर थाप मारली, आई स्वयंपाकघरातून दचकून ओरडली, आणि कॉम्प्युटरने आसपासच्या वाय-फायची नावं धडाधड दाखवली. राहिली होती फक्त जोडणी. ती दादाने सोपी केली. त्याच्या घरच्या बोर्डाची जोडणीची फाइलच त्याने पाठवली. "माझ्याकडे कधीपासून चालू आहे. तू फक्त नाव आणि पासवर्ड बदल." मी नाव बदललं, पासवर्ड बदलला, आईला दार उघडायला लावलं. ग्रुपवर मेसेज झळकला: 'आईने दार उघडलं.'

पुढे रोज सकाळी हा मेसेज यायचा आणि मी तो गोदामात ज्याला त्याला दाखवायचे. हमालांनी तर मी बोलायच्या आधीच "उघडलं का जी दार?" असं विचारायला सुरुवात केली. मेच्या मध्यापर्यंत मी इतकी निर्धास्त झाले, की माझ्या दोन मावशांच्या दारांचीही मनात आखणी केली.

आणि एका सकाळी ग्रुपवर मेसेज आला: 'सावधान! आईने अजून दार उघडलेलं नाही.' (हे 'सावधान' मीच घातलं होतं. नुसतं वाक्य फार थंड वाटत होतं.)

आईला फोन लावला. वाजतो, पण उचलत नाही! पुन्हा लावला, तेच. तेवढ्यात दादाचा फोन. "वर्षा, काय झालं? आई कुठे आहे?" मी त्याला तसंच टांगून ठेवलं आणि शेजारच्या गावंडे काकांना लावला. काका एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. बिघाडाशिवाय त्यांचे दिवस फार कंटाळवाणे जात होते.

"काका, आईने दार नाही उघडलं! काकूंना जरा बघायला पाठवा ना!"

"तुही काकू पहाटपासून गायब आहे. कुठं गेली, मले कुठं सांगते! थांब, मीच पाह्यतो."

काकांनी बेल वाजवली, हाका मारल्या, दार बडवलं. पुढचं दार ओढून घेतलं की आपोआप बंद होणारं. आत माणूस आहे की नाही ते बाहेरून कळत नाही. मागचं स्वयंपाकघराचं दार आतून कडी लावलेलं.

"काय करू, बाई?" काकांच्या आवाजात मला आशा ऐकू आली.

"तोडा, काका!"

तोवर आम्ही नवराबायको गाडीत बसलो होतो. फोन स्पीकरवर. काकांनी सब्बल आणली, तिच्यामागून अर्धी गल्ली आली. "डाव्या बाजूनं लाव!" "अरे, बिजागरी पाह्य आधी!" "ॲम्बुलन्सले सांगा कोणी!" असे आवाज येत होते. मी जीव मुठीत धरून ऐकत होते. मग लांबून, वरून कुठून तरी एक बाईचा आवाज आला.

"ओ गावंडे भाऊ! काय करून राह्यले तुमी?"

आणि फोनजवळून काका गरजले, "ताई, तुमी मंधात बोलू नका! आत म्हातारी बाई पडून आहे!"

धाडकन दार पडलं. पाठोपाठ तोच आवाज: "अहो, ते माह्यं घर आहे! म्हातारी म्हणजे मीच!"

गल्लीच्या टोकाला पाटीलबाईंच्या गच्चीवर त्या दिवशी कुरडयांचा बेत होता. आई पहाटेच दार ओढून तिकडे चीक हाटायला गेली होती. फोन उशाशी. गावंडे काकू सोऱ्या दाबत होत्या आणि आई गच्चीवरून, कोणाच्या घरी एवढी गर्दी जमली म्हणून कौतुकाने बघत होती.

आम्ही अकोल्याला पोचलो तेव्हा दार भिंतीला टेकवून ठेवलेलं, आणि अंगणात अर्धी गल्ली वाटीवाटीने गरम चीक खात बसलेली. मी कोणाशीच नजर न मिळवता फ्रिजकडे गेले. चिप जागी. ड्रायव्हर ठीक. आसपासची वाय-फायची नावं दिसतात, अगदी गावंड्यांचंसुद्धा. फक्त आमचंच दिसत नाही! माझ्या मोबाइलवर मात्र आमचंही दिसतंय.

बराच वेळ डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. वाय-फायच्या वेगवेगळ्या वाटा असतात आणि कोणत्या वापरायच्या, हे देशागणिक ठरतं. रात्री लाइट गेली होती. परत आल्यावर आमच्या राउटरने आपल्याकडे चालणारी, पण अमेरिकेत न वापरली जाणारी वाट धरली. आणि दादाच्या फाइलीत देश होता अमेरिका! कॉम्प्युटरने त्या वाटेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जगभरच्या अनोळखी लोकांनी फुकट लिहिलेला ड्रायव्हर निर्दोष निघाला. चूक आम्हा सख्ख्या बहीणभावांची.

"म्हणजे," आईने विचारलं, "हा इथं फ्रिजवर बसून सोताले अमेरिकेत समजून राह्यला?"

"हो."

"आन आपल्याच घराले ओळखत नाही?"

फोनवरचा दादा खाकरला. "आई, ते असू दे. पण यंत्राने दगा दिला. ठरल्याप्रमाणे आता अमरावती."

अंगणातल्या वाट्यांचा आवाज थांबला. मी यंत्राकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. माझ्याच तहाचं कलम होतं.

"नापास कोण झालं?" आईने शांतपणे विचारलं. "मी? मी तं पहाटेच उठून चीक हाटून राह्यली होती. मशीन नापास झालं, त्याले न्या अमरावतीले! आन तू एक सांग, अभय. इथं एका फोनवर कितीक माणसं धावली पाह्य. दार तोडून आत आली. तुह्या तिथं काही झालं, तं तुह्यं दार कोण तोडन?"

 मग दादा म्हणाला, "आई, तू अकोल्यातच राहा."

मी फाइलीत देश बदलून भारत केला. नवं दार मी बसवून दिलं. (काकांनी जुनंच बसवतो म्हणून फार आग्रह धरला.) आणि यंत्र आईच्या निकालाप्रमाणे अमरावतीला आणून आमच्या दाराला लावलं; निरोप आईला आणि सगळ्या ग्रुपला, शिवाय आमच्या शेजाऱ्यांचे नंबरही आईने मागून घेतले. "घाबरून लोकांची दारं तोडणाऱ्या बाईवर लक्ष ठेवलं पायजे," असं तिचं म्हणणं.

आता तो ड्रायव्हर आणि ती चिप एकदाही चुकलेली नाहीत, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. पहिल्याच रविवारी बेल, हाका आणि दारावर थापा ऐकून मला जाग आली. दार उघडलं, तर बाहेर आमचे शेजारी घामाघूम उभे. एकाच्या हातात हातोडा. मागे फोनच्या स्पीकरवर आई, काळजीने सांगत होती, "तोडा, भाऊ! इतका उशीर माणूस झोपून राह्यत नाही!"