काळी पाच

लखनौतली मराठी माणसं दर तीन वर्षांनी बदलतात. फौजेतली, हवाई दलातली, केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतली ही कुटुंबं. जरा ओळख होते, डब्यांची देवाणघेवाण सुरू होते, आणि एक दिवस त्यांच्या व्हरांड्यात काळ्या ट्रंका रांगेने मांडलेल्या दिसतात. आम्ही मात्र इथेच. माझ्या नवऱ्याची रेल्वेतली नोकरी संशोधनाची, तिला बदली नाही. महानगर नावाच्या इथल्या वस्तीत फ्लॅट घेतला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी गाणाऱ्यांना पेटीची, म्हणजे हार्मोनियमची, साथ करते; तिथे येणारे सगळे मला ‘पेटीवाल्या काकू’ म्हणतात. चांगलं म्हणतात, प्रेमाने म्हणतात. आणि मला ते ऐकलं की संताप येतो.

कारण मी गायिका होते. ‘गात होते’ असं नाही म्हणत मी, गात तर सगळेच असतात.

लग्न होऊन सांगलीहून आले तेव्हा माझ्याबरोबर एक तंबोरा होता आणि बारा-तेरा वर्षांची तालीम होती. इथल्या रेडिओची परीक्षा दिली आणि सपशेल नापास झाले. घरी येऊन रडले. पुढच्या वेळी पुन्हा नापास झाले, तेव्हा मात्र रडलेही नाही आणि घरी सांगितलंही नाही. सरळ स्वयंपाकाला लागले. तिसऱ्यांदा पास झाले. मग अधूनमधून भल्या पहाटेचं गाणं मिळायचं. त्या वेळी शहरात दूधवाले आणि मी एवढेच जागे, असं आमचे हे चिडवायचे. पण हळूहळू कानपूरहून बोलावणं आलं, बनारसच्या एका छोट्या संमेलनात गायले. नाव झालं असं म्हणणार नाही. विचारणा होऊ लागली होती, एवढं नक्की. मंडळाच्या गणपतीत तर दरवर्षी एक संध्याकाळ माझी असायची आणि फौजी बायका पुढच्या रांगेसाठी रुमाल टाकून जागा धरायच्या.

मग गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडची. आवाजाची नस तिथूनच जाते, धोका आहे, हे सर्जनने नीट समजावून सांगितलं होतं. गाठ काढणं भागच होतं. शुद्धीवर आल्यावर मी ह्यांच्याकडे पाणी मागितलं आणि ओठ हलले, बाकी काही नाही. दोन स्वरतंतूंपैकी एक हलायचा थांबला होता. चूक कुणाचीच नव्हती. कुणाची असती तर निदान शिव्या घालायला एक माणूस तरी मिळाला असता.

बोलणं सहा-सात महिन्यांत परत आलं, थोडं घोगरं. गाणं आलं नाही. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या, फार सभ्य, खास लखनवी. त्या म्हणाल्या, “आप ज़रा नीचे से गाइए. काली दो से शुरू कीजिए, गले को आराम मिलेगा.”

ज्यांना पेटी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गाणारा माणूस पेटीवरच्या ज्या पट्टीला आपला सा मानतो, त्या पट्टीवर त्याचं सगळं घर उभं असतं. माझा सा काळी पाचचा, म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीचा. उंच, बायकी, मोकळा. काळी दोन म्हणजे जवळजवळ पुरुषांच्या वस्तीत राहायला जाणं. मी त्या बाईंना “जी” म्हटलं आणि घरी येऊन तंबोरा काळी पाचलाच लावला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातली मी.

तेव्हापासून रोज सकाळी तेच. तंबोरा काळी पाचला लावायचा आणि चढायला लागायचं. पहिली काही वर्षं गंधाराच्या पुढे नुसता वारा यायचा. मग मध्यम आला, पंचम आला. ह्यांनी कधी “पुरे कर” म्हटलं नाही, आणि कधी “छान झालं” असंही म्हटलं नाही. चहाचा कप दाराशी ठेवून जायचे.

दिवसभराचं काय करायचं म्हणून पेटी हातात घेतली. इथल्या कपूरथला बाजाराच्या मागे कथकचा एक वर्ग चालतो. नाचणाऱ्या मुलींच्या पाठीमागे पेटीवर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवायची असते, तिला लहरा म्हणतात. ती सजवायची नाही, बदलायची नाही, तिच्यात आपलं काही घालायचं नाही. मुली चुकतात, थांबतात, पाणी पितात, घुंगरू पुन्हा बांधतात; लहरा चालू. माझ्यासारख्या तापट बाईला याहून मोठी शिक्षा दुसरी नसेल. दुधाची तहान ताकावर, दुसरं काय. मे-जूनमध्ये मुलींचे पालक मलिहाबादचे दशहरी आंबे आणतात, तेवढी एक गोड गोष्ट.

माझी मुलगी माझ्या ऑपरेशनच्या वेळी नुकती चालायला लागली होती. ती मराठी समजते, बोलते हिंदीत. शाळेत असताना एकदा माझा संमेलनातला फोटो तिच्या हाती लागला. “मम्मा, आप सच में गाती थीं?” तिने विचारलं. घरात दोन कॅसेट होत्या, त्या बुरशीने गेल्या होत्या. तिला ऐकवायला माझ्याजवळ काहीही नव्हतं. मी म्हटलं, “हो, गायचे.” तिने “अच्छा” म्हटलं आणि फोटो जागेवर ठेवून दिला.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका सकाळी तार सा लागला. वरचा सा, जिथे पोचल्यावर सप्तक पुरं होतं. क्षणभरच टिकला, पण लागला. मी कुणाला सांगितलं नाही. दोन दिवसांनी पुन्हा लागला, मग आठवडाभर नाही, मग सलग तीन सकाळी. श्रावण संपेपर्यंत दहापैकी सहा-सात वेळा लागायला लागला होता. मी मनातल्या मनात ठरवून टाकलं की मंडळातल्या लोकांसमोर एकदा गायचं. पेटीवाल्या काकू कोण होत्या ते एकदा कळू दे. मग मेले तरी चालेल, असंसुद्धा वाटलं. इतकं नाटकी मी एरवी बोलत नाही.

संधीही चालून आली. गणपतीतल्या रविवारी सकाळी गाण्याचा कार्यक्रम आणि मग महाप्रसाद, असा बेत होता. गाणारी मुलगी पुण्याहून विमानाने येणार होती, पेटीला मी, तबल्याला आमच्या कथकच्या वर्गातला तबलजी. हॉल भरला. तेवढ्यात मंडळाचे सांस्कृतिक कार्यक्रम सांभाळणारी मुलगी मोबाइल हातात घेऊन धावत आली. हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याची बायको, वर्षापूर्वीच जोधपूरहून बदलून आलेली, कामाला वाघीण.

“काकू, अमौसीला विमान उतरतच नाहीये. डायव्हर्ट झालं यार, दिल्लीला गेलं! आता काय करू? पब्लिक बसलंय.”

“मी गाते,” मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही? म्हणजे... हाँ, हाँ, चालेल की! एखादा अभंग वगैरे. तोपर्यंत पानं मांडून होतील.”

मागच्या रांगेत पंख्याखाली आमचे हे बसले होते. मी पुढे सरकून माइक जवळ घेतला तेव्हा ते खुर्चीत ताठ झाले, ते मला तिथूनही दिसलं.

तबला पुण्याहून येणाऱ्या मुलीसाठी काळी चारला लावलेला होता. मी तबलजीला म्हटलं, “पाँच कर लीजिए.”

तो हलक्या आवाजात म्हणाला, “दीदी, चार पे ही रहने दीजिए. तीन भी ठीक रहेगा. घर के लोग हैं, कौन देख रहा है.”

“पाँच.”

त्याने हातोडी घेतली आणि ठोकायला सुरुवात केली. एकेक घर चढवत तो तबला वर नेत होता आणि लोक गप्पा मारत होते. त्याचं म्हणणं बरोबर होतं. काळी तीनवर मी त्या दिवशी नीट गायले असते, वरचा सा सुद्धा लागला असता, आणि लोक चकित होऊन घरी गेले असते. पण काळी तीनवर गाणारी बाई मला नको होती. मला मी हवी होते.

यमन संध्याकाळचा, पण रोज सकाळी मी त्याच्यावरच चढत आले होते, म्हणून यमनच घेतला. सुरुवात चांगली झाली, अगदी चांगली. आवाजात थोडी खरखर होती, पण सूर जागेवर बसत होते. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मोबाइल खिशात ठेवला. माझ्या अंगावर काटा आला. पंचमावरून धैवत, धैवतावरून निषाद. यमनात निषादावर थांबलं की ऐकणाऱ्याचा जीव वरच्या सा साठी टांगणीला लागतो. मी थांबले, मुद्दाम थांबले, पूर्वी थांबायचे तशी. हॉल शांत झाला होता. मग मी सा लावला आणि तोंडातून हवा आली.

आवाज फाटला असता तर बरं झालं असतं. फाटला म्हणजे होता तरी. इथे काहीच नव्हतं. नुसता माइकमधून श्वासाचा फूत्कार. आणि माझ्या बोटाने, मला न विचारता, पेटीवरचा सा दाबला. इतकी वर्षं दुसऱ्या गाणाऱ्यांचे चुकलेले सूर पेटीने झाकायची सवय. पेटीचा सा हॉलभर भरून राहिला, तबलजीने सम दिली, आणि टाळ्या पडल्या. मी पुन्हा एकदा चढून पाहिलं. पुन्हा हवा. मग दोन आवर्तनं नुसती पेटी वाजवून मी संपवलं.

कुणी हसलं नाही, कुणी कुजबुजलंही नाही. ते जास्त वाईट होतं. त्यांना काही बिघडलंय हे कळलंच नव्हतं. पेटीवाल्या काकू जशा गातील तशा गायल्या होत्या.

जेवताना ती जोधपूरवाली मुलगी जिलब्यांचं ताट घेऊन आली. डोळ्यांत खरंखुरं कौतुक होतं.

“काकू, वेळ निभावलीत हं! आणि हौस असावी तर अशी. खरं सांगू? आवाज असता ना, तर तुम्ही नक्की गायिका झाला असतात.”

शेजारी हे उभे होते. त्यांचा हात द्रोणात तसाच थांबला. “अहो, ही रेडिओवर...” त्यांनी सुरुवात केली.

“मसालेभात गार होतोय तुमचा,” मी म्हटलं, आणि तिला म्हटलं, “दे गं एक जिलबी.”

ती गेली. मी जिलबी खाल्ली, सगळी खाल्ली. मला त्या मुलीचा राग आला नव्हता. तिच्या जागी मी असते तर हेच बोलले असते, कदाचित इतक्या प्रेमाने नसते बोलले.

घरी जायला ह्यांनी गाडी सुरू केली. मग म्हणाले, “मला का सांगू दिलं नाहीस तिला?”

“सांगून काय? तिने ऐकलंय का?” मी बाहेर बघत होते. “इथल्या कुणीच ऐकलेलं नाही. ज्यांनी ऐकलं ते बदलून गेले. तुम्ही एकटे उरलात.” आणि मग मी विचारू नये ते विचारलं. “तुम्हाला आठवतो का हो? माझा तेव्हाचा आवाज?”

ते खोटं बोलले असते तर मी त्यांना माफ केलं असतं. पण ते इंजिनियर आहेत, मोजल्याशिवाय बोलत नाहीत. एक सिग्नल गेला, दुसरा आला.

“नाही गं,” ते म्हणाले. “आठवायला जातो, तर हा आत्ताचाच ऐकू येतो.”

मलाही तो ऐकू येत नव्हता. केव्हापासून येत नव्हता, तेही माहीत नव्हतं. रोज सकाळी मी ज्याच्या मागे चढत होते तो आवाज आता कुणाच्याच कानात शिल्लक नव्हता. फक्त त्याची पट्टी माझ्याजवळ होती. खिडकीची काच वर करून मी पोटभर रडले. हे गाडी चालवत राहिले आणि नेहमीचं वळण सोडून पुढे गेले, मला वेळ मिळावा म्हणून.

दुपारी तंबोरा काढला. खुंट्या सैल करत करत काळी दोनपर्यंत उतरवला. तारा लोंबायला लागल्या, सूर भद्द येऊ लागला. बायकी तंबोऱ्याच्या बारीक तारांना एवढं खाली उतरणं झेपत नाही. मी त्या सगळ्या काढून टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी अमीनाबादेत जाऊन जाड तारांचा संच मागितला.

दुकानदार म्हणाला, “मर्दाना तार? भाईसाहब गाते हैं?”

“नहीं,” मी म्हटलं. “मेरे लिए.”

त्याने तारा कागदात गुंडाळून दिल्या.

त्याच्या पुढच्या सकाळी तंबोरा काळी दोनला लावला. लावायला फार वेळ लागला, त्या भोपळ्यालाही ते नवीन होतं. सा लावला. लागला, सहज लागला, जाडाभरडा, खालचा. असा आवाज मी पूर्वी कधी काढलाच नव्हता. मला तो अजिबात आवडला नाही. तरी लांबवत नेला.

स्वयंपाकघरात चहाचं भांडं वाजायचं थांबलं.

“कोण आलंय गं?” ह्यांनी आतून विचारलं.

“कुणी नाही. मीच आहे,” मी म्हटलं, आणि सा पुन्हा लावला.