कोंडीबाची कबुली

कोंडीबानं गुन्हा केला होता, यात कुणालाच शंका नव्हती. त्याला स्वतःला तर मुळीच नव्हती. चौऱ्याहत्तर साली लेकीच्या बाळंतपणासाठी घोडीवर ज्वारीचं पोतं टाकून तो आटपाडीकडं निघाला, आणि सातारा संपून सांगली जिल्हा लागतो तिथं शिपायानं त्याला धरलं. परवान्याशिवाय धान्य जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी होती. जामीन झाला, पण निकाल लागेपर्यंत तालुका सोडायचा नाही, सोडला तर तुरुंग, अशी अट पडली. जन्मभर मेंढरांमागं मुलूख तुडवलेल्या माणसाच्या पायात हा खोडाच अडकला.

दिवाळी झाली. माळावरचं गवत संपलं. ऐंशी मेंढरं घेऊन तालुक्याबाहेर, रहिमतपूरच्या बाजूला उतरायची वेळ आली, आणि नेमका तेव्हाच खटला थांबला. सांगलीच्या कुणा व्यापाऱ्यानं ही बंदीच घटनेविरुद्ध आहे म्हणून मुंबईला हायकोर्टात अर्ज लावला होता. त्याचा निकाल लागेपर्यंत असले सगळे खटले जागच्या जागी.

"म्हंजे मी सुटलो?" कोंडीबानं वकिलांना विचारलं.

"नाही," मानसिंगराव म्हणाले.

"मग गुन्हेगार हाय?"

"तसंही नाही."

"आवं, मग हाय तरी कोन मी?"

मानसिंगरावांनी पुढची तारीख कागदावर लिहून त्याच्या हातात दिली.

कोंडीबाला एकच रीत ठाऊक होती. जमातीच्या बैठकीत हातात बिरोबाचा भंडारा घेऊन चूक कबूल केली, की पंच दंड सांगतात आणि संध्याकाळच्या आत माणूस मोकळा होतो. पुढच्या तारखेला तो मुठीत भंडारा घेऊनच कोर्टात उभा राहिला.

"सायेब, मीच नेली ज्वारी. बिरुबाची आन. काय शिक्षा असंल ती आज द्या. मेंढरं लय उपाशी हायत."

साहेब भला माणूस. अवघडून म्हणाले, "बाबा, आज मला तुझी कबुलीसुद्धा घेता येत नाही. कागद मुंबईला गेलेत. अटही तोवर तशीच."

खोटं बोलणाऱ्याला कोर्ट अडवतं, हे कोंडीबानं ऐकलं होतं. खरं बोलणाऱ्यालाही अडवतं म्हटल्यावर त्याचं डोकं गरगरलं. घरी येऊन तो दोन दिवस मेंढरांना झाडांचा पाला तोडून घालत राहिला.

शेवटी त्याची बायको हरणाबाई उठली. "तुमी ऱ्हावा हितंच. भावकीसंगं मी नेते मेंढरं."

तालुक्याच्या हद्दीवर ओढा आहे. तिथवर तो पोचवायला गेला. मेंढरं ओढा उतरून पलीकडं चढली. एक कोकरू मागं रेंगाळलं, तशी त्यानं सवयीनं हाक घातली. आणि पुढं गेलेली सगळीच्या सगळी मेंढरं गर्रकन वळून पुन्हा पाण्यात शिरली, त्याच्याकडं यायला लागली.

"आवं, गप ऱ्हावा की!" हरणाबाई पलीकडून रडत ओरडली.

कोंडीबानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मेंढरं ओढ्यात मधोमध थांबली. मग तो पाठ फिरवून चालायला लागला, आणि त्यांना दिसेनासा होईपर्यंत त्यानं तोंडावरचे हात काढले नाहीत.