आईच्या दातांवरच्या खाचा

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि आजही चार ओळी लिहायला बसलो की कुणीतरी वही तपासणार आहे असं वाटतं. दातांविषयी लिहिण्याचा तर मला काहीच अधिकार नाही. तरी लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्यावं.

आमचं घर घणसोली गावात. वडील मिठागरावर कामाला. आई सकाळी ओट्यावर बसून बोटाने मिश्री लावायची. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड हिरड्यांवर फिरवत शेजारणीशी गप्पा चालायच्या. लहानपणी मला त्यात काही वावगं दिसलं नाही. कॉलेजात गेलो, वाशीतल्या मित्रांच्या आया पाहिल्या, आणि मला आईच्या काळ्या दातांची लाज वाटू लागली. ऐंशीच्या आसपासची गोष्ट असेल. मी दुकानात जाऊन सगळ्यात कडक ब्रश मागितला. कडक म्हणजे चांगला, एवढंच मला माहीत होतं.

"आई, जोर लावून घास. डाग जातील."

"तू शिकलेला. तू सांगशील तसं."

तिने ऐकलं. फक्त मिश्री काही सुटली नाही. तीच ब्रशवर घेऊन ती दात आडवे खसाखसा घासू लागली. शेजारीण चिडवायची, "काय गो, दात घासतेस का टोप?"

"माज्या पोराचा हुकूम हाय!" आई भरल्या तोंडाने सांगायची. दोघी हसायच्या. मीही हसायचो. ब्रश झिजला की तसाच कडक नवा आणून द्यायचो.

पुढे मी शिकायला पुण्याला गेलो. एका सुट्टीत घरी आलो तर ती माठाला हात न लावता कोमट पाणी पीत होती.

"गार पानी झोंबतंय रं."

मी तिला ओट्यावर उजेडात बसवलं. पुढच्या सहा दातांना हिरड्यांलगत खाचा पडल्या होत्या, विळ्याने कोरल्यासारख्या. त्यात नख अडकत होतं.

वाशीच्या दातांच्या डॉक्टरांनी आरसा धरून मला नीट दाखवलं. हिरडीजवळ दाताचं कवच पातळ असतं. मिश्रीची खरखर आणि आडवा जोर यांनी ते झिजलं होतं. "पण दात घट्ट आहेत. काढायचं नाव नको. खाचा भरून घेऊ. मऊ ब्रश, हलका हात, हिरडीकडून दाताच्या टोकाकडे. मिश्री बंद. आंबट खाल्लं की आधी चूळ भरा, लगेच घासू नका." मग त्यांनी आईला विचारलं, "एवढा कडक ब्रश दिला कुणी?"

मी खाली पाहिलं.

"मीच आनला," आई म्हणाली.

खाचा भरायला पुढच्या सोमवारी बोलावलं होतं. मला रविवारीच पुण्याला परतायचं होतं. वडिलांबरोबर जा म्हटलं, तर ती म्हणाली, "तो डाक्टर काय बोलतो ते आमाला कुटं समजतंय? तू येशील तवा जाऊ." मी म्हटलं, परीक्षा झाली की लगेच. तिला मऊ ब्रश घेऊन दिला, हात कसा फिरवायचा ते दोनदा दाखवलं आणि निघालो.

त्यानंतरच्या प्रत्येक पत्रात मी दातांचं विचारत असे. पत्रं धाकटी बहीण लिहायची. उत्तर एकच यायचं, आई बरी आहे, तू अभ्यास कर.

शेवटचा पेपर देऊन खोलीवर आलो तर दारात आंतरदेशीय पत्र पडलेलं होतं. बहिणीचंच अक्षर. तिने लिहिलं होतं: "दादा, पेपर होईपर्यंत सांगू नको असं आईने बजावलं होतं. कळ सहन होईना, म्हणून तिने बाजारात बसणाऱ्या दातवाल्याकडून पुढचे सहाही दात काढून घेतले. त्याला महिना झाला. आता ती माठातलं गार पाणी पिते. तू काळजी करू नकोस."