डावा अंगठा

आज हौसेने जुन्या धाटणीचा, हातात मावणारा व्हिडिओ गेम घेऊन आलो. लहानपणी मित्राकडे होता तसाच, करडा, वरून विटा पडणारा. ती टुकटुक ऐकताच मी बारा वर्षांचा झालो. पण पडद्याला उजेड नव्हता, खिडकीशी तिरपा धरावा लागत होता. त्यातून डावीकडचं बटण अडकत होतं. वीट सरकायची ती उशिराच.

"फसवलं दुकानदाराने," मी बायकोला म्हणालो. "बटणच खराब आहे."

सुनीताने गेम हातात घेतला. तिला असल्या खेळांची आवड नाही. तरी तिच्या अंगठ्याखाली विटा पटापट सरकल्या, ओळी भरून नाहीशा झाल्या.

"बटण चांगलं आहे की," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघतच राहिली.

मी पुन्हा खेळून पाहिलं. दाब म्हटलं की अंगठा क्षणभर थांबत होता. हल्ली शर्टाची बटणं लागत नाहीत, तो दोष मी शर्टाला दिला होता. उजव्या हातात पिशवी असली की किल्ली फिरत नाही, तो कुलपाला. शरीर कधीपासून सांगत होतं आणि मी वस्तूंवर चिडत होतो. बाबांचं दुखणंही हातापासूनच सुरू झालं होतं.

"किती दिवसांपासून होतंय?" तिने विचारलं.

"माहीत नाही. मला भीती वाटतेय गं."

असं मी तिला कधीच म्हणालो नव्हतो. तिने लगेच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी उद्या सकाळी बोलावलंय. हे मी उजव्या हाताने लिहितोय; डावा तिने अजून सोडलेला नाही.