झाकण नसलेलं घर

मी सर्वांत जास्त कुणाचं देणं लागत असेन तर हॅमिल्टनमधल्या माझ्या घरमालक काकांचं, आणि त्या काकांच्या घरात एकाही यंत्राला झाकण नव्हतं. टोस्टरची आतडी दिसायची, रिमोटमधले सेल चिकटपट्टीने धरलेले असायचे, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा पत्रा कायम भिंतीला टेकवलेला. काका मूळचे वसईचे, बस चालवून रिटायर झालेले. यंत्रांतलं त्यांना फारसं कळत नसे, पण उघडल्याशिवाय राहवतही नसे. "मला ताप आला तरी मी बोलत नाही," काकू म्हणायच्या, "हा माणूस स्क्रूड्रायव्हर घेऊन यायचा."

मी मंगळवेढ्याचा, आमच्या घरात कॉलेज पाहिलेला पहिलाच. त्यांच्या बेसमेंटमध्ये राहून मास्टर्स करत होतो. थिसिसची आकडेमोड माझ्या जुन्या डेस्कटॉपला झेपेना, म्हणून नवं ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं, आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. आतले पंखे फिरत, पण स्क्रीन काळा. जुनं कार्ड परत लावलं, तरी काळाच. थिसिस द्यायला थोडेच दिवस उरले होते. वडिलांना काय सांगायचं, या विचाराने रडवेला होऊन मी वर गेलो, तर काका म्हणाले, "आधी जेव." कुठल्याही बिघाडावर त्यांचा पहिला इलाज तोच.

जेवणानंतर काकूंची जुनी चादर डायनिंग टेबलवर अंथरून त्यांनी कॉम्प्युटर आडवा केला. "सगळं काढ. मग एकेक घाल, आणि दर वेळी बटण दाबून बघ."

"काका, तुम्हाला यातलं कळतं?"

"नाही रे बाबा. पण बस बंद पडली की मी आधी सगळ्यांना खाली उतरवायचो."

ते टॉर्च धरून उभे राहिले आणि मी एकेक भाग बसवत गेलो. मेमरीची पट्टी एका टोकाला जराशी उचलली गेली होती. ती काढून नीट दाबून बसवली, आणि स्क्रीन उजळला. "झालं ना? आता माझं टेबल द्या," काकू म्हणाल्या. मी झाकण लावायला घेतलं, तसा काकांनी माझा हात धरला. "थांब जरा. झाकण लावलं की माणूस बघायचं सोडतो."

थिसिस वेळेत गेला. पदवीदान समारंभात माझ्या आईवडिलांच्या जागी ते दोघं बसले होते.

पुढच्या हिवाळ्यात काकू गेल्या. तोवर मी नोकरीसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला, बर्नाबीला आलो होतो; मिळेल त्या विमानाने पोचलो. फ्युनरल होममध्ये प्रार्थना संपली आणि तिथला माणूस काकूंची शवपेटी बंद करायला पुढे झाला. काकांनी पेटीच्या काठावर हात ठेवला. "थांब जरा," ते मराठीतच म्हणाले. त्या माणसाला मराठी येत नव्हतं, तरी तो थांबला.

आता काका फोन उचलत नाहीत. शेजारीण सांगते, दारातला बर्फही फावड्याने बाजूला करत नाहीत, डबा दिला तर तसाच परत येतो. म्हणून परवा त्यांना हे पत्र टाकलं.

"ती. काकांना सा. न. कॉम्प्युटर चालू आहे. मित्र हसतात, पण मी झाकण लावलेलं नाही. ख्रिसमसला येतोय, माझी बेसमेंटची चावी अजून माझ्याकडेच आहे. टोस्टर, फर्नेस, काकूंचा मिक्सर, काय बिघडलं असेल ते टेबलवर काढून ठेवा. मी टॉर्च धरीन. पण काका, आधी जेवा."