वादळाचे वेळापत्रक

"रिपीट करा."

बडोद्यातल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकांचे हे दोन शब्द दिवसातून दहा-बारा वेळा तरी कानावर पडत. दूधवाल्याला "उद्या अर्धा लिटर कमी" असे सांगितले की पुढचे वाक्य हेच. तो बिचारा आपल्या गुजरातीत "काले पांचसो ओछुं, काका" असे म्हणेपर्यंत काका दाराची कडी सोडत नसत. इस्त्रीवाला, पेपरवाला, गॅसची टाकी आणणारा, कुणाची सुटका नव्हती. एकदा सत्यनारायणाला येणाऱ्या गुरुजींनाही त्यांनी फोनवर मुहूर्ताची वेळ रिपीट करायला लावली. काकू आतून ओरडल्या, "अहो, ते पूजेला येतायत, गाडी सोडायला नाही!"

तसा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. नोकरी सुटते, पण नोकरीची सवय अंगातून निघत नाही. काका रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते. बडोद्यात मराठी माणूस रेल्वेत असणे यात नवल काहीच नाही, पण काकांची नोकरी गाडीवरची नव्हती आणि स्टेशनावरचीही नव्हती. चौतीस वर्षे ते एका बंद खोलीत, कानाला फोन लावून, समोर मोठा कागद पसरून बसले. कागदाच्या डाव्या कडेला स्टेशनांची नावे खालून वर, आणि आडवे तास. एखादे स्टेशन फोनवर सांगणार, अमुक गाडी इतक्या वाजता गेली. काका पेन्सिलीने टिंब देणार आणि आधीच्या टिंबाला जोडणार. धावती गाडी म्हणजे तिरकी रेघ. उभी गाडी म्हणजे आडवी रेघ. "गाडी डोळ्यांनी बघायची काही जरूर नसते," ते म्हणत. "कागदावर सगळी दिसते."

निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने त्यांचे हाल झाले. हातात पेन्सिल आणि समोर गाडी नाही! मग मे महिन्यात अरबी समुद्रात वादळ उठले आणि काकांना त्यांची गाडी सापडली.

त्यांनी आलेख-कागद आणून खळीने एकमेकांना चिकटवले आणि जेवणाच्या टेबलावर पसरले. काकूंचे ताट तेव्हापासून ओट्यावर गेले. डाव्या कडेला खालून वर नावे लिहिली: रत्नागिरी, मुंबई, दमण, दीव, वेरावळ, पोरबंदर, द्वारका. वादळ ज्या गावासमोर आले असेल तिथे लाल टिंब. टीव्हीवर छत्री धरून ओरडणाऱ्या वार्ताहराचा त्यांना मनस्वी राग होता. "हा भिजतोय कशाला? आकडा सांग ने, आणि घरी जा."

खरी बातमी ते फोनवर मिळवत. किनाऱ्यावरच्या लहान स्टेशनांवर कधीकाळी मास्तर असलेली निवृत्त माणसे त्यांच्या ओळखीची होती. त्यांना ते हवामान विचारत नसत. बोटी किती बाहेर आहेत आणि पाणी घाटाच्या कितव्या पायरीवर आहे, एवढेच विचारत.

त्या पहिल्या वर्षी आमच्या सोसायटीची सहल दीवला जायची होती. मी सोसायटीचा सेक्रेटरी. काका बैठकीत कागदाची गुंडाळी घेऊन आले, सगळ्यांपुढे उलगडली आणि छातीठोकपणे सांगितले, "गुरुवारी दुपारी चार वाजता गाडी दीवला लागते." आम्ही घाबरून सहल रद्द केली. गुरुवारी सकाळी वादळाने तोंड फिरवले आणि ते भर समुद्रात निघून गेले. दीवला म्हणे इतके छान ऊन पडले होते की काय सांगावे!

मग व्हायचे तेच झाले. दुसऱ्या मजल्यावरचे भरतभाई, ज्यांचे तयार कपड्यांचे दुकान आहे आणि ज्यांच्या जिभेला कधी सुट्टी नसते, भर बैठकीत म्हणाले, "काका, तमारी गाडी तो बीजा पाटे जती रही!" गाडी दुसऱ्याच रुळावरून निघून गेली म्हणे! सगळे खो-खो हसले. मीही हसलो, आणि चांगला मोठ्याने हसलो. काकाही हसले, पण गुंडाळी त्यांनी जरा घाईनेच बगलेत मारली. त्या दिवसापासून त्यांचे नाव वादळकाका पडले.

दोन दिवसांनी मला त्यांनी घरी बोलावले. मला वाटले, रागावले असतील. ते टेबलापाशी चष्मा लावून बसले होते.

"माझी चूक सापडली," ते म्हणाले. चेहऱ्यावर चक्क आनंद होता. "हे बघ. शेवटच्या तीन स्टेशनांचा वेग धरून मी पुढची रेघ आधीच ओढून टाकली. गाडीला रूळ असतात, तिथे चालतं. याला रूळ कुठले?"

"मग आता पुढच्या वेळी काय सांगणार?"

"वादळ कुठे येणार हे सांगायचंच नाही. लाइन क्लिअर आहे की नाही, तेवढं सांगायचं." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "स्टेशन मास्तर पुढच्या स्टेशनाला काय विचारतो? धोका आहे का, असं नाही विचारत. लाइन मोकळी आहे का, असं विचारतो. मोकळी आहे असं नक्की कळेपर्यंत गाडी उभी. धोका कुणी सिद्ध करायचा नसतो रे. मोकळं आहे, हे सिद्ध व्हावं लागतं. बरोबर ने?"

मी मान डोलावली आणि घरी येऊन बायकोला हसत हसत सांगितले. साठी ओलांडलेल्या माणसाने इतक्या बारकाईने स्वतःची चूक शोधावी, आणि ती सापडली म्हणून खूश व्हावे, याचे मोल तेव्हा मला कळले नाही. आज कळते, तेव्हा त्या हसण्याची लाज वाटते.

दोन वर्षांनी आम्ही खरोखरच दीवला गेलो. एकेचाळीस माणसे, एक बस, समुद्रासमोरचे हॉटेल. समुद्रात लांब कुठेतरी वादळ होते, पण बातम्यांत ते द्वारकेच्याही पलीकडून जाईल असे सांगत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश धुतल्यासारखे स्वच्छ. माझी मुलगी कमरेइतक्या पाण्यात उड्या मारत होती आणि मी नारळपाणी पीत होतो. तेवढ्यात काकांचा फोन आला.

"नीट ऐक. काल दुपारपर्यंत ते चांगलं चालत होतं. रात्रीपासून निम्म्या वेगाने चाललंय. आज पहाटेपासून जवळजवळ उभंच आहे. उभी राहिलेली गाडी कुठल्या बाजूला निघेल, सांगता येत नाही. आणि वेरावळचे मास्तर म्हणतात, वारा अजिबात नाही, पण पाणी एरवीपेक्षा दोन पायऱ्या वर, पाचव्या पायरीवर आहे. लाइन क्लिअर नाही. उद्या सकाळी सातला बस काढ. काय समजलं? रिपीट करा."

"लाइन क्लिअर नाही. उद्या सातला बस," मी म्हणालो. समोर मुलगी हात हलवत होती.

तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केले असते? सहलीचे आणखी तीन दिवस बाकी, डोक्यावर निळे आकाश, आणि सांगणारा माणूस एकदा सपशेल चुकलेला. पण मला एक गोष्ट टोचत होती. गेल्या खेपेला काका ठासून बोलले होते. या खेपेला ते कुठेही "येणार" म्हणाले नव्हते. ज्याला चारचौघांत हसे झाल्याचे ठाऊक आहे, तो माणूस पुन्हा फोन उचलतो, तेव्हा त्याच्याजवळ काहीतरी असलेच पाहिजे.

संध्याकाळी हॉटेलच्या गच्चीवर मी सगळ्यांना सांगितले. एकच गलका उठला. पुन्हा तीच गाडी आली का, अशा सुरात भरतभाई म्हणाले, "फरी पाछुं? वादळकाकानी गाडी फरी आवी?" तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला. काकांनी त्यांनाही वेगळा फोन केला होता. भरतभाईंनी मोबाइल स्पीकरवर टाकला, सर्वांना ऐकू जावे म्हणून. काकांनी तेच सगळे शांतपणे गुजरातीत सांगितले. भरतभाईंनी विचारले, "काका, टिकिट कन्फर्म छे के वेइटिंग?" आणि सगळी गच्ची हसली. पलीकडे ते हसू पोहोचले असणारच. मग काका "बरं" म्हणाले आणि फोन बंद झाला.

तरीही मी सेक्रेटरीपणाचा अधिकार वापरला आणि सकाळी बस काढली. भरतभाई आणि त्यांच्या पत्नी हंसाबेन तेवढे मागे राहिले. हॉटेल त्यांच्या साडूचे होते, इमारत पक्की होती, त्यांना घाई कसली? बाकीची एकोणचाळीस माणसे तोंडे फुगवून बसमध्ये बसली. माझी मुलगी ऊना येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

काकांची ताकीद होती, प्रत्येक गावाला फोन. "राजुला, नऊ पंचावन्न." "बरोबर. पुढे." "महुवा, अकरा वीस." "पाच मिनिटं लेट. चहा प्यायलात ने?" खरेच प्यायलो होतो. तळाजा, भावनगर, वटामण करत संध्याकाळी सहाला आम्ही बडोद्यात, वाघोडिया रोडला सोसायटीच्या फाटकात शिरलो. काका आपल्या दारापुढच्या ओट्यावर उभे होते. ते बसपाशी आले, उतरणाऱ्यांची डोकी मोजली, आणि एकोणचाळीस झाल्यावरही खाली बघत उभेच राहिले.

दुसऱ्या दिवशी वादळ वळले. ऊना आणि दीव यांच्यावरून ते जमिनीवर चढले आणि आम्ही आलो त्याच रस्त्याने वर सरकले. खांब आडवे, आंब्याच्या वाड्या झोपलेल्या, रस्ते बंद. दीवचा एकही फोन लागेना.

मी काकांकडे गेलो. टेबलावर नवा कागद होता. डाव्या कडेला दीव, ऊना, राजुला, महुवा अशी आमच्या रस्त्याची गावे. निळी रेघ आमच्या बसची. तिच्या मागून लाल रेघ वादळाची. राजुल्याच्या ओळीवर मी दोन्ही रेघांमध्ये हात ठेवला. चार बोटे मावली, तेवढेच आमचे आयुष्य पुढे होते. माझ्या मुलीचे आणि माझे.

मग लक्षात आले की खाली, अगदी दीवच्या नावापाशी, आणखी एक निळी रेघ आहे. ती आडवी होती.

"ही कुणाची?"

"भरतभाई. हंसाबेन. उभे आहेत."

दर तासाला ते त्या रेघेला एक टिंब जोडत होते. लाल रेघ तिला छेदून वर गेली होती, तरी ती आडवीच पुढे चालली होती. काकू दारात उभ्या होत्या. "कालपासून चहावर आहेत," त्या मला हळूच म्हणाल्या. काका एकामागून एक मास्तरांना फोन लावत होते. वेरावळ लागत होते, ऊना लागत नव्हते. तीन दिवस ती रेघ आडवी चालली. तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन्याच्या मास्तरांचा पुतण्या मोटारसायकल हाकत दीवला पोहोचला आणि निरोप आला, दोघेही आहेत. खिडक्या उडाल्या, गच्चीवरची पत्र्याची शेड गेली, दोघांनी सगळा वेळ बाथरूममध्ये काढला. पहिली बस सुरू झाली की निघतील.

ती बस येणार होती त्या दिवशी डेपोवर काका माझ्या आधी पोहोचले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात चहाचा थर्मास. बस आली. भरतभाई उतरले, मागून हंसाबेन. भरतभाईंच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या आणि अंगात आम्ही निघालो त्या दिवशीचाच शर्ट. काकांना पाहिले आणि ते सरळ पायांशी वाकले. "काका, माफ करजो."

काकांनी त्यांना उठवले. भरतभाईंशी ते नेहमी गुजरातीत बोलत. त्या दिवशी मराठीतच बोलले.

"माफी मी मागायची. मी तुम्हाला एकदाच फोन केला. पुन्हा करायला हवा होता. तुम्ही निघेपर्यंत करत राहायला हवा होता. तुम्ही सगळे हसलात, मला लाज वाटली, आणि मी फोन ठेवून दिला. चौतीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं."

भरतभाईंना मराठी चांगले कळते. त्या गच्चीवर मीही होतो आणि स्पीकर बंद करा असे मी म्हटले नव्हते. काकांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि आधी हंसाबेनना दिला.

गेल्या डिसेंबरात काका गेले. चार दिवसांचा ताप, बाकी काही नाही.

यंदा मे महिन्यात सहलीसाठी बैठक भरली. पुन्हा दीवच ठरत होते. समुद्रात काहीतरी तयार होत असल्याची बातमी सकाळी आली होती. सगळ्यांनी आपापले मोबाइल काढले. प्रत्येकाच्या पडद्यावर रंगीत गोल फिरत होते, आणि प्रत्येकाचे वेगळ्या दिशेला. कुणी म्हणाले जाऊ या, कुणी म्हणाले थांबू या. शेवटी भरतभाई उठून उभे राहिले. "एक वार पूछी तो लईए," ते म्हणाले, आणि तसेच उभे राहिले. विचारायचे कुणाला, ते कुणालाच सांगता येईना.