रेघेपलीकडचं मीठ

"दगडवर ठेव! मांगे सरक!"

तळोद्याचा दुकानदार माझ्या आईवर असा खेकसला. भर बाजारात. मानमोडीच्या तापाची साथ होती, घराघरात माणूस मरत होतं. दुकानदारानं ओट्यापासून लांब चुन्याची रेघ ओढली होती आणि रेघेवर एक दगड मांडला होता. आम्ही डोंगरातल्यांनी डिंकाची टोपली त्या दगडावर ठेवायची आणि मागं जाऊन उभं राहायचं. त्याचा गडी डिंक काढून घेणार, मीठ टाकून जाणार.

आईला आम्ही याहा म्हणतो. साथीच्या आधी याहा ओट्याला टेकून बसायची. मिठाचा खडा उचलून जिभेवर ठेवायची. कडवट लागला तर सरळ मान हलवायची, दुसरं काढायला लावायची. मगच डिंक द्यायची.

त्या दिवशी गड्यानं मीठ लांबूनच फेकलं. निम्मं टोपलीत, निम्मं धुळीत. याहा वाकून मातीसकट गोळा करायला लागली. आणि ओट्यावर एका पाटलाची बायको बसलेली. खोकत होती बाई, तोंडावर हात धरून खोकत होती, आणि त्याच हातानं डाळ चिवडत होती. तिला रेघ नाही. वा रे साथ! माणूस बघून लागते म्हणायची! माझं अंग नुसतं जळत होतं.

साथ गेली. चुना पुसला गेला. दगड तिथंच राहिला. आमच्या माणसांना आता सांगावंही लागत नव्हतं, आपणहून दगडाकडे जायची. याहासुद्धा. चाखून घ्यायचं तर ती विसरूनच गेली.

मग ती तापानं पडली. बाजाराला मी एकटी निघाले.

"अळणी पेज उतरत नाही गं घशाखाली," ती म्हणाली. "मीठ आणच."

दगडापाशी टोपली ठेवायला वाकले आणि मला याहाची धुळीतली बोटं आठवली. सरळ झाले. दगड ओलांडून ओट्याशी गेले.

"मीठ हातात दे. चाखून घेईन."

"माल बाटी जाई! मांगे सरक!"

"माझा डिंक नाही बाटत तुला?"

त्यानं तराजूची दांडी उगारली. मी टोपली डोक्यावर घेतली आणि डिंकासकट माघारी फिरले.

याहानं रिकामे हात बघितले. भडकली.

"मानानं पेज खारट होते का?"

पेज तिनं बाजूला सारली. ती उपाशी झोपली आणि मी भिंतीकडे तोंड करून रडले. पण रडताना ठरवलं ते ठरवलं. अळणी खाईन. माझ्या पोरांनाही अळणी घालीन. त्या दगडावर टोपली ठेवणार नाही. मीठ घेईन तर हातात घेईन, जिभेवर ठेवून घेईन. त्याला डिंक पाहिजे ना? मग चढावा डोंगर.